ऐपतीचा दाखला

उन्हाळ्यात तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रश्न ऐकला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. भर दुपार होती. वरचा पत्रा तापलेला, कूलर नुसताच गरगरत होता, त्यात पाणी नव्हतं. मशीनमधून निघणारे कागद ताज्या भाकरीसारखे हाताला ऊन लागत होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशी शिक्षणाच्या अर्जासाठी कागदपत्रं स्कॅन करून घेत होती आणि मी तिच्यासोबत गेले होते. दुकानातला मुलगा चुणचुणीत, कामाला जलद. प्रत्येक कागद सरळ करून, कोपऱ्यांची घडी बोटाने मोडून तो काचेवर ठेवायचा. दोन कागदांवर मात्र त्याचा हात थांबला. पहिला तिच्या वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, वर्षाला ६८ हजार रुपये. दुसरा त्याच वडिलांच्या नावाचा ऐपतीचा दाखला, २२ लाख रुपये. दोन्हींवर सरकारी सही-शिक्का. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, यातला खरा कोणता?"

ती काही बोलली नाही. ओढणीच्या टोकाने तिने कपाळ पुसलं आणि फाईलमधला पुढचा कागद काढून दिला.

दोन्ही खरे आहेत. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे हे मला चार आकड्यांत समजावून सांगता आलं असतं. साडेचार एकर कोरडवाहू जमीन. सरकारी मूल्यांकनाने तिची किंमत लाखांत. त्याच जमिनीतून सोयाबीन आणि तूर काढून, बी-बियाणं, फवारणी, मजुरी वजा जाता हातात उरतं ते हजारांत, आणि एखाद्या वर्षी तेही नाही. विकली तर श्रीमंत आणि कसली तर गरीब, अशी ही मालमत्ता. पण मुलाच्या प्रश्नात आणखी काही होतं. एकाच मुलीला एका कागदावर आम्ही गरीब आहोत हे सिद्ध करायचं होतं आणि दुसऱ्या कागदावर आमची ऐपत आहे हेही सिद्ध करायचं होतं. गरजू विद्यार्थ्यांसाठी म्हणून असलेल्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला हवा. मुंबईतल्या एका न्यासाच्या कर्ज-शिष्यवृत्तीला जामीनदार हवा, आणि शेतकरी जामीनदाराकडे प्राप्तिकराचं विवरणपत्र कुठून असणार, म्हणून सातबारा, आठ-अ आणि ऐपतीचा दाखला. एकच घर, एकच बाप, आणि दोन दिशांना तोंड करून उभे असलेले दोन कागद.

पुढे व्हिसाचं वेगळंच. ब्रिटनला जायचं तर फी आणि राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून आहे हे दाखवावं लागतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, म्हणून आपल्याकडची पुष्कळ मुलं हल्ली जर्मन शिकतात. पण तिथेही वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात टाकून ठेवायचे, मग ते दरमहा थोडे थोडे हातात येतात. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र हातात असेल तर यातून सुटका होते. अर्धी मिळाली, नुसती फी माफ झाली, तर होत नाही. आणि आमच्या भागातल्या मुलांना मिळते ती बहुधा अर्धीच. मग सुरू होतं ते खात्यात पैसे "दाखवण्याचं" काम. मामाचे, आत्याचे, आडत दुकानदाराचे पैसे काही आठवडे पोरीच्या खात्यात येऊन बसतात, आणि त्या आठवड्यांत त्या घरात कुणाला नीट झोप लागत नाही.

मला माझं स्वतःचं विद्यार्थीपण आठवतं. औरंगाबादला विद्यापीठात शिकत होते तेव्हा वाचनालयात वर्तमानपत्रं लाकडी पट्टीत अडकवून ठेवलेली असत. पावसाळ्यात त्या कागदाला ओलसर, किंचित आंबूस वास यायचा. शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती पेपरात येत, सरकारी भाषेत, बारीक टाइपात, आणि त्या शोधणं हा आम्हा काही जणींचा छंदच होता. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीचं नाव मी तिथेच पहिल्यांदा वाचलं. एका सकाळी मैत्रीण धावत आली, "आज आली आहे जाहिरात, पान पाच." आम्ही गेलो तर पान पाचवर नीट चौकोनी भोक होतं. कुणीतरी ब्लेडने जाहिरात कापून नेली होती. त्या भोकातून पान सातवरचा सिनेमाच्या जाहिरातीचा तुकडा दिसत होता. मला तेव्हा विलक्षण राग आला होता. पुढे कितीतरी वर्षांनी त्या रागाच्या जागी कुतूहल आलं. कोण असेल ती व्यक्ती? गेली असेल का? की तिनेही तो कपटा पुस्तकात ठेवला आणि परीक्षा, नोकरी, लग्न यांत तो तिथेच पिवळा पडला? ती गेली असेल तर बरं, असं आता मनापासून वाटतं. निदान एक जण तरी.

आज जाहिरात कापता येत नाही. सगळं फोनवर आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ मुलामुलींना दरवर्षी मिळते, जगातल्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश हवा, हे कुणालाही कळू शकतं. युरोपातली इरास्मुस मुंडुस दरमहा १,४०० युरो देते आणि एकाच पदवीत किमान दोन देशांत शिकवते, हेही कळू शकतं. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अर्जाला फी नाही, हे आमच्या वर्गातल्या मुलींना तोंडपाठ आहे. माहिती पोचली. पण माहितीच्या आणि माणसाच्या मधली जी जागा आहे ती माहितीने भरत नाही, असा माझा अनुभव आहे.

या जागेचा विचार करताना मी दरवेळी केळुसकर गुरुजींपाशी येते. बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी पाठवलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या एका मुलाशी आपणहून बोलायला गेलेले, त्याला वाचायला पुस्तकं देणारे आणि पुढे महाराजांच्या कानावर त्याचं नाव घालणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे त्या गोष्टीतले मधले गृहस्थ. महाराजांकडे पैसा होता, मुलाकडे बुद्धी होती. दोघांची गाठ घालून देणारा एक शाळामास्तर होता. जून १९१३ मध्ये करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी. त्या वर्षीच फेब्रुवारीत वडील गेले होते. मुलाने सही केली आणि जुलैमध्ये तो न्यूयॉर्कला पोचला.

शिष्यवृत्तीची मुदत सरली तेव्हा न्यूयॉर्कनंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट होतं. १९१७ मध्ये परत यावं लागलं. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना. तो अपमान आपल्याला माहीत आहे. मला इथे सांगायचं आहे ते पुढचं. लंडनला परत जाण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी काही मदत केली, आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५ हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा निघाले आणि १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली. म्हणजे शिष्यवृत्ती, पगारातली बचत, एका राजाची मदत आणि मित्राची उसनवारी, असं सगळं जोडून ती पदवी पुरी झाली. आजची आमची मुलं एक्सेलच्या तक्त्यात जे जोडत बसतात ते यापेक्षा फार वेगळं नाही, आणि हे मी त्यांना सांगते तेव्हा त्यांचे खांदे थोडे सैल होतात.

डॉ. आनंदीबाई जोशींच्या वेळीही तसंच. न्यू जर्सीतल्या थिओडीशिया कारपेंटर नावाच्या बाईने दंतवैद्याकडे ताटकळत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि ओळखदेख नसताना लिहायला घेतलं. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीतून उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला कुणीतरी होतं. मला त्या दंतवैद्याच्या खोलीची नेहमी गंमत वाटते आणि धसकाही. ते मासिक त्या दिवशी टेबलावर नसतं तर?

माझ्या विद्यार्थिनीचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाली, मग पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. तिला पाण्याच्या व्यवस्थापनात एम.एस्सी. करायचं आहे. अर्जातला निबंध घेऊन ती आली तेव्हा नेतृत्वाच्या प्रश्नाखाली तिने महाविद्यालयात गणेशोत्सवाच्या समितीत असल्याचं लिहिलं होतं. मी विचारलं, आणखी काही? म्हणाली, "मॅडम, मी काही केलंच नाही." सगळीच मुलं असं म्हणतात. शहरातल्या चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांना लहानपणापासून आपलं केलेलं काम मांडायची सवय असते. वक्तृत्व, शिबिरं, प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल. आमच्याकडे स्वतःबद्दल चार वाक्यं बोललं की घरात कुणीतरी म्हणतं, फार शहाणी झालीस. मग शिष्यवृत्तीवाले जगभरच्या स्पर्धेत आपल्याबद्दल पानभर लिहा म्हणतात तेव्हा पोरींची बोटं चालत नाहीत.

आम्ही चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या आणि बोलता बोलता दुष्काळावर आलो. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साल. ती तेव्हा नववीत. गावात टँकर यायचा आणि रोज भांडणं व्हायची; कुणाच्या दारात तीन ड्रम, कुणाच्या दारात एक घागर. वाड्यावरची माणसं आधी भरायची, वस्तीवरच्यांना तळाचा गाळ. एक दिवस तिने शाळेच्या वहीत घरांची यादी केली, माणसं मोजली, आणि टँकर आला की वही घेऊन उभी राहू लागली. कुणाला किती मिळालं ते लिहायचं, उद्या कुणाचा नंबर आधी ते वाचून दाखवायचं. सुरुवातीला हसले, एकाने वही हिसकावून फेकलीही. पण ग्रामसेवकाला ती वही सोयीची वाटली आणि मग टँकर वहीप्रमाणे सुटू लागला. पाऊस पडेपर्यंत तिने ते केलं. "शाळेला सुट्ट्याच होत्या ना," ती म्हणाली. वही अजून आहे का? आहे म्हणाली, आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.

मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने गावचं पाणीवाटप हातात घेतलं होतं, आणि दहा वर्षांनी त्याच विषयात शिकायला निघताना तिला ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. तो निबंध तिने नंतर स्वतः लिहिला. मी फक्त काही क्रियापदं बदलली.

आता अशी विचारणारी माणसं वाढली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. लोणार तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून लंडनच्या सोआस या विद्यापीठात चिव्हनिंगवर गेलेला राजू केंद्रे आणि त्याची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना हेच काम शिकवते. पुढे गेलेली मुलं मागच्यांचे निबंध वाचतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर "दादा, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय?" याचं उत्तर देतात. पण हे काम काही ध्येयवेड्या माणसांच्या झोपेवर किती काळ चालवायचं? प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक जाणता माणूस पगारावर नेमला तर त्याचा खर्च एका विद्यार्थ्याच्या परदेशी फीपेक्षाही कमी येईल.

आणि शिष्यवृत्तीच्या आधीच्या पैशांचं काय, याचाही कुणीतरी विचार करायला हवा. पासपोर्टचे १,५०० रुपये कसेही जमतात. मग इंग्रजीची परीक्षा येते, तिला १७-१८ हजार. काही विद्यापीठांची अर्जाची फी. प्रवेश पक्का करण्याची अनामत. ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र, त्यासाठी ठरावीक दवाखान्यातच छातीचा एक्स-रे, म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबई. शिष्यवृत्ती नसेल किंवा अपुरी असेल तर तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार, वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाच्या अर्जासोबत एकरकमी. शिष्यवृत्ती पुढे लाखोंचा भार उचलते हे खरं; पण तिच्या दारापर्यंत जायला जे पाऊण-एक लाख लागतात ते ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठीच तर ती काढलेली असते. सरकारी याद्या कधी उशिरा लागतात, तोवर तिकडचं सत्र सुरू झालेलं असतं. मुलं उसनवारीवर विमानात बसतात आणि पहिल्या हप्त्याची वाट पाहत तिकडे अर्धवेळ कामं शोधतात. हा पैसा उपकार म्हणून दिला जात असल्यासारखी जी ढिलाई त्यात असते ती मला सहन होत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांत असं आलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी परदेशी जायला ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी कोलंबियात १९१६ मध्ये वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. बडोद्याच्या महाराजांनी असली अट घातली असती तर काय झालं असतं, याची मला कल्पना करवत नाही. कारागिराच्या, भटक्याच्या, मजुराच्या मुलीने आपल्याच समाजाकडे दूर जाऊन नीट पाहावं, यात कुणाला काय भय वाटावं?

तिच्या जामीनपत्रावर सह्या करायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. ऐपतीचा दाखला वडिलांच्या नावाचा असला तरी जमिनीवर काकांचा डोळा आहे, वाटणी तोंडीच झालेली. काका ओसरीवर बसून होते. पोरीसाठी जमीन अडकवायची का, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण तो त्या ओसरीवर हजर होता. वडील कागद डोळ्यांजवळ धरून वाचत राहिले. त्यांचं शिक्षण सातवी. मी समजावून सांगितलं, की ही शिष्यवृत्ती म्हणजे बिनव्याजी कर्ज आहे, परत आल्यावर किंवा नोकरी लागल्यावर हप्त्याने फेडायचं. मुंबईत टाटांनी १८९२ मध्ये अशीच पद्धत सुरू केली, जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. फेडलेल्या पैशांतून पुढची मुलं जातात. वडिलांनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि ती दुसरी, इंग्रज सरकारची, तिचं अजून कळलं नाही ना?"

नाही, म्हटलं, निकाल यायचा आहे. तिला जामीन लागत नाही, सगळा खर्च तेच करतात. फक्त शिक्षण संपल्यावर देशात परत येऊन निदान दोन वर्षं राहण्याची अट आहे.

"परत यायची अट?" त्यांनी कागद खाली ठेवला. "असं लेखी असतं?"

असतं, मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. माझ्या ओळखीतली शहरातली मुलं याच अटीवर चिडतात. अमेरिकेच्या फुलब्राइटलाही तशीच अट आहे आणि तिच्यामुळे अर्ज न करणारे मला माहीत आहेत. मलाही आतून वाटतं, की या पोरीला जगात जिथे राहायचं तिथे राहण्याची मोकळीक असावी, तिच्या पायात दहा वर्षांच्या काय, दोन वर्षांच्याही कराराची बेडी नसावी. पण साडेचार एकरांचा तो माणूस माझ्यासमोर बसून विचारत होता, की आपली लेक परत येईल असं कुठेतरी सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं असेल का. माझ्या मताला त्या क्षणी त्या घरात जागा नव्हती. मुलगी आईशेजारी चौकटीत उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, अट नसली तरी येणार आहे मी. आपल्या गावात अजून टँकरच येतो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेन मागितलं, न्यासाच्या जामीनपत्रावर जिथे जिथे मी पेन्सिलीने खूण केली होती तिथे संपूर्ण नाव लिहून सही केली. मग कागद काकांच्या पुढे सरकवला, साक्षीदार म्हणून. काकांनी बराच वेळ घेतला, आणि केली.